साठ पावलांवरचं सांबर

शालीकराम कटरेने पहिल्या भेटीत माझ्या सासऱ्यांची बंदूक चाटली.

अलंकारिक बोलत नाही. त्याने जीभ बाहेर काढली. तीही साधीसुधी नव्हे, रानगव्याला शोभेल अशी हातभर लांब. ती नळीच्या बुडापासून टोकापर्यंत एका दमात फिरवली आणि डोळे मिटले. त्या क्षणी मुर्रीत जे काही चालू होतं ते सगळं थांबलं, असं मी शपथेवर सांगू शकतो. शेजारच्या गिरणीचा पट्टा थांबला, बालाघाटकडे निघालेली मालगाडी थांबली, विजेच्या खांबापाशी एक पाय वर केलेलं कुत्रं तसंच थांबलं. पाऊण तास गेला. त्या पाऊण तासात माझे कानाजवळचे केस पिकले आणि सासऱ्यांना एक नातू झाला. मग शालीकरामने डोळे उघडले. त्यांत पाणी होतं.

"मास्तर," तो म्हणाला, "हिनं समुद्र पाह्यला हाय."

ती होती छर्ऱ्याची बंदूक, म्हणजे एअरगन. तिरोड्याच्या घरी धानाच्या कोठीमागे ती सासऱ्यांना सापडली होती, आणि माझ्या माहितीप्रमाणे तिने पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे बोदलकसा तलाव. पण शालीकराम इतक्या खात्रीने बोलला की परतताना मी ती मोटारसायकलवर लेकीला माहेरी आणावं तशी जपून आणली. विकायला नेली होती. ती आजही माझ्या घरी आहे.

मुर्री म्हणजे गोंदिया संपता संपता सुरू होणारं गाव. एका बाजूला धानाच्या बांध्या, दुसऱ्या बाजूला शहराची घरं. तिथे घराच्या पुढच्या टिनाच्या शेडमध्ये शालीकरामचं दुकान होतं. पाटीवर त्यानेच रंगवलेलं: ‘स्टोव्ह, शिलाई मशीन, छर्रा बंदूक’. स्टोव्ह गेले, शिलाई मशीनही निम्म्या गेल्या, बंदुका तेवढ्या राहिल्या. कारण आमच्या झाडीपट्टीत दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. मंडई म्हटली की रात्रीचं नाटक, जिलेबी, आकाशपाळणा आणि फुगे फोडायचा स्टॉल आलाच. त्या स्टॉलवाल्यांच्या बंदुका वर्षभर पोत्यात पडून कुजायच्या आणि दसऱ्यापासून एकेक करत मुर्रीला यायच्या. शालीकराम त्यांची नळी सरळ करायचा, वायसर बदलायचा आणि स्टॉलवाल्याने चहा पाजला तर नेम थोडा डावीकडे सरकवूनही द्यायचा.

पण ही झाली पोटाची गोष्ट. त्याचा जीव जुन्या बंदुकीत होता. कोणी घरातली आजोबाच्या वेळची बंदूक आणली की हातातलं काम खाली ठेवून तो आधी हात धुवायचा. देवघरात जावं तसा. मग बंदूक मांडीवर आडवी घेऊन नळी मोडायचा, म्हणजे बिजागरीवर खाली वाकवायचा, आणि आत नाक घालायचा. जुन्या बंदुकीत वायसर कातड्याचा असतो, त्याला चरबीचा वास येतो, नव्यात रबर. मग तो स्क्रूच्या खाचा नखाने तपासायचा: हाताने कापलेली खाच बारीक असते, मशीनची रुंद. दस्त्याचं लाकूड अक्रोडाचं की सागाचं हे अंगठ्याने दाबून सांगायचा. सगळ्यांत शेवटी नळीच्या बुडाशी कागद धरून त्यावर पेन्सिल घासायचा, म्हणजे लोखंडावर ठोकलेला नंबर कागदावर उमटतो. चाटणं या सगळ्यात कुठेच बसत नाही. ते गिऱ्हाइकासाठी होतं.

नंबर मात्र दहातल्या आठ बंदुकांवर उमटत नसे. त्याचं कारण मला शालीकरामनेच सांगितलं. आमच्याकडे पोवारांच्या घरात दसऱ्याला शस्त्रं पुजतात. विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ, आणि असली तर बंदूक. तिला दह्याकुंकवाचा टिळा लावतात. आणि टिळा लावायचा तर लोक शोधून शोधून नेमका तिथेच लावतात जिथे काहीतरी कोरलेलं आहे. तेच तिचं कपाळ, असं समजून. पन्नास वर्षं दही लागलं की कपाळावरचं सगळं जातं. "जगात कोणी हिची जात नाही पुसली," शालीकराम म्हणायचा, "आपल्या लोकाईनं पूजा करून करून पुसली."

आणि नंबरच नसला की शालीकरामला मैदान मोकळं. मग तो चिठ्ठी द्यायचा.

या चिठ्ठीबद्दल मला सविस्तर सांगितलंच पाहिजे, कारण तिच्यात माझाही हात आहे. गोंदियाच्या बाजारातून त्याने एक रबरी शिक्का करून आणला होता: ‘शालीकराम कटरे, बंदूक पारखी, मुर्री’. भोवती दोन सिंह. ते सिंह शिक्का करणाऱ्याच्या कृपेने मांजरांसारखे उठायचे. या शिक्क्याखाली बंदुकीचं गोत्र, जन्मसाल, पराक्रम आणि किंमत लिहून तो मालकाला द्यायचा. बोलणं त्याचं, अक्षर बहुधा माझं. शाळा सुटली की मी त्याच्याकडे चहाला जायचो, आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला गोंदियात विशेषणं वापरायची संधी तशी कमीच मिळते. तो म्हणायचा "चांगली हाय", मी लिहायचो "दुर्मीळ". तो म्हणायचा "साहेबाची असंन", मी लिहायचो "राजघराण्याशी संबंधित असण्याची शक्यता नाकारता येत नाही". दोघंही मनापासून हसायचो.

त्याची बायको रुक्मा हसायची नाही. ती दारात तांदूळ निवडत बसलेली असायची. "मास्तर, या माणसाचं तुमी नोका ऐकू. यानं लगनाच्या वक्ती माह्या बापाले सांगतलन का घर दोन मजली हाय. आली, पाह्यलं, तर दुसरा मजला म्हणजे कवेलूवर चढलेला कोहळ्याचा येल."

"येल मजबूत होता," शालीकराम म्हणायचा.

एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. शालीकराम सगळ्यांशी खोटं बोलत नसे. गोंदियाच्या गंज बाजारातला एखादा राइस मिलवाला गाडीतून उतरून बंदूक पुढे करायचा तेव्हा हा नळी न मोडताच सांगायचा, "सेठजी, भंगार है. दरवाजे को अडकाने के काम आएगी." आणि ते अगदी खरं असायचं. पण आमगावहून सायकलवर कोणी दुर्गाप्रसाद नावाचा म्हातारा धोतरात गुंडाळून बंदूक आणायचा, तेव्हा त्याच भंगारातून थेट बर्मिंगहॅम उगवायचं. शालीकराम बंदुकीकडे बघून जात ओळखायचा आणि माणसाच्या तोंडाकडे बघून किंमत सांगायचा. यात कोणाचं काय बिघडतं? असली बंदूक कोणी विकत घेत नाही, कोणी विकत नाही. ती आढ्याला टांगलेली असते आणि चिठ्ठी देवाच्या फोटोमागे. म्हातारा मरेपर्यंत श्रीमंत राहतो. फुकटात.

चौदा वर्षांपूर्वीच्या थंडीत पुनाराम आला.

पुनाराम नागझिऱ्याकडच्या जंगलाला लागून असलेल्या एका टोल्यावरचा, म्हणजे वाडीवरचा. तीस-बत्तीस वर्षांचा, हाडकुळा, अंगात कोणाचा तरी पोलिसी रंगाचा स्वेटर. बरोबर सहा-सात वर्षांची मुलगी, खुशबू. बंदूक बायकोच्या लुगड्यात गुंडाळलेली होती आणि लुगडं मुलीच्या हातात होतं, कारण बाप बसमध्ये उभा होता आणि मुलीला बसायला जागा मिळाली होती.

त्याचा बाप कवडू तीन महिन्यांपूर्वी वारला होता. कवडू जुन्या काळी, शिकारीला बंदी नव्हती तेव्हा, कोण्या ठेकेदाराच्या मॅनेजरसाठी हाकारा करायचा. म्हणजे डबा वाजवत, ओरडत झुडपांतून जनावर साहेबाच्या बाजूला हाकलायचं. एकदा जनावर उलट फिरलं. अस्वल होतं. कवडूचा उजवा हात कोपरापासून खाली कामाचा राहिला नाही. साहेबाने जाताना त्याला ही बंदूक दिली आणि सांगितलं, इंग्लंडची आहे, सांभाळून ठेव. कवडूने चाळीस वर्षं सांभाळली. एका हाताने तिला तेल लावायचा.

"बुढा म्हणे का ही लई मोठी चीज हाय," पुनाराम म्हणाला. "चांगली हाय ना जी?"

शालीकरामने हात धुतले. नळी मोडली, नाक घातलं, खाचा पाहिल्या, दस्ता दाबला. पेचकस घेऊन मागचा भाग उघडला, आत डोकावला, लगेच परत बंद केला. चाटली नाही. ते मला खटकलं. मग मुलीकडे पाहून तो म्हणाला, "काऊन बाई, तुह्या आज्याचा हात कोणता गेला होता?"

खुशबूने उजवा हात वर केला.

"मास्तर, लिवा," शालीकराम म्हणाला. "अस्सल इंग्लिश. सन एकोणीसशे चौतीस. मोठ्या शिकारीची. साठ पावलावरून सांबर पाडते."

"पाडते नको," मी म्हणालो. "लोळवील. लोळवील बरं वाटतं."

"लोळवील. अंदाजे किंमत ऐंशी हजार."

एवढा आकडा त्याने आजवर कोणाला दिला नव्हता. मी मान वर केली. तो माझ्याकडे बघत नव्हता. त्याने शिक्का उठवला, दोन्ही मांजरं फुंकून वाळवली आणि पुनारामला बजावलं, "हिले वाजवू नोको कधी. वाजवली का किंमत पडते. नुसती ठेवाची."

ते गेल्यावर मी विचारलं, "खरं काय?"

"नळी एकीची, बुड दुसरीचं. दस्ता आपल्याच इकडच्या सुताराचा, सागाचा. आत स्प्रिंग तुटून दोन तुकडे हाय. त्या साहेबानं भंगार देल्लं त्याले." तो स्टोव्हची पिन घेऊन उगीच एक बर्नर टोकरत राहिला. "तीन किलो लोखंड. मी काय सांगू त्या पोट्ट्याले? का तुह्या बापाचा हात तीन किलो लोखंडात गेला?"

मला तेव्हा हे फार सुंदर वाटलं होतं. मी घरी जाऊन बायकोला सांगितलं, तीही म्हणाली, किती चांगला माणूस.

पुढे पुनारामचं बरं चाललं. जंगलात पर्यटक वाढले, गावातल्या पोरांना गाइड म्हणून घ्यायला लागले, आणि बापाच्या पाठीमागे लहानपणापासून ते रान तुडवलेला पुनाराम त्यात सगळ्यांत पुढे. पंजा पाहून वाघीण किती वाजता गेली ते सांगायचा. खाकी शर्ट, छातीवर नावाची पट्टी. दोन-तीनदा मंडईत भेटला तेव्हा त्याने मला पर्यटकांसारखंच "गुड मॉर्निंग सर" केलं. रात्रीचे नऊ वाजले होते.

गाइडांना कामावर घेताना वनखात्याने एक गोष्ट स्पष्ट सांगितली होती: घरात फासे, भाले, भरमार बंदूक, छर्ऱ्याची, काहीही असेल तर आणून जमा करा, कोणी काही विचारणार नाही. पोरांनी आणून टाकलं. एकाने तर गलोलसुद्धा जमा केली. पुनारामने बंदूक जमा केली नाही.

दोन वर्षांपूर्वी, धान निसवत होतं त्या दिवसांत, त्याच्या टोल्याजवळच्या नाल्यात एक चितळ मरून पडलेलं सापडलं. मादी होती. दोन दिवस पाण्यात होती, बरंचसं खाल्लेलं होतं. मानेवर एक छिद्र. छिद्र म्हटल्यावर घरं तपासणं आलंच. पुनारामच्या आढ्याला बंदूक निघाली, लाल फडक्यात, शेंदूर लावलेली. आणि फडक्याच्या आत, पाणी लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये घालून चारी बाजूंनी मेणबत्तीने चिकटवलेली चिठ्ठी. दोन मांजरं. साठ पावलांवरून सांबर लोळवील. माझं अक्षर.

चौथ्या दिवशी पुनारामची बायको चमेली आणि खुशबू मुर्रीला आल्या. मी तिथेच होतो. खुशबू आता अठरा वर्षांची होती, बारावी झालेली, दोन वेण्या. चमेली शेडच्या बाहेर, उन्हातच खाली बसली. रुक्माने पाणी दिलं ते तिने बाजूला ठेवलं.

"त्याईले नेलन," ती म्हणाली. "आंदर हाय. वकील म्हणते का बंदुकीचं एवढं नाही, कागदाचंच हाय. कागदात लिवलं हाय का हिनं जनावर मारता येते."

शालीकरामने हातातली बंदूक खाली ठेवली.

"जमा काऊन नाही केली गा बाई?" रुक्माने विचारलं. "सबनं केली म्हणते."

चमेलीने मुलीकडे पाहिलं. खुशबू आमच्यापैकी कोणाकडे न बघता बोलली, पाठ केल्यासारखी. "बाबा देऊन राहिले होते. मीच नाही म्हटलं. म्हटलं, ऐंशी हजाराची हाय, मी बारावी झाली का नर्सिंगले कामी येईल. ते म्हणे, साहेब रागावतीन. म्हटलं, कोणाले मालूम होते?" ती थांबली. "तुमच्यावर भरोसा होता आमचा."

ती टोचायला म्हणाली नव्हती. म्हणूनच फार टोचलं.

"तुमी लिवून द्या का बंदूक काहीच नाही," चमेली म्हणाली. "एवढंच मांगून राहिली मी. तुमाले मोठे लोक मानते. तुमचा शिक्का हाय."

शालीकरामने "पाहू" म्हटलं. त्या दोघी शेवटच्या बसला गेल्या. त्या आठवड्यात स्टॉलवाल्यांच्या वीस-बावीस बंदुका शेडमध्ये उभ्या होत्या, मंडई तोंडावर होती. दोन दिवस तो त्यांच्यातच डोकं घालून बसला. पारखी म्हणून त्याचं नाव भंडाऱ्यापर्यंत होतं. आयुष्यात कमावलेलं तेवढंच. सरकारी कागदावर आपणच लिहून द्यायचं की मी खोटारडा आहे, आणि मग उद्या कोण बंदूक घेऊन येणार? हे तो तोंडाने बोलला नाही. "बयान कधी देल्लं नाही मी मास्तर, जीभ अडकते माही," असलं काहीतरी बोलला. त्या जिभेचं नाव काढताना त्यालाही कसंतरी झालं असावं.

तिसऱ्या दिवशी रुक्मानेच त्याचा धुतलेला सदरा आणून समोर टाकला. "तुमी खोटे आहा हे मले तीस वर्षापासून ठावं हाय. लोकाईले आज समजंन. त्यानं काय होते? उठा."

आम्ही वनखात्याच्या कार्यालयात गेलो. साहेब तरुण होता, घाटावरचा, अतिशय सभ्य. त्याने आम्हाला खुर्च्या दिल्या, पंचांसमोर बंदूक टेबलावर काढून दाखवली. शालीकरामने सवयीने विचारलं, हात धुवायले पाणी भेटंन काय? मिळालं.

मग मी त्याला पहिल्यांदाच चारचौघांत खरं बोलताना ऐकलं. इतकं खरं, इतकं सविस्तर की पंच म्हणून बसलेला सरपंच पुढे सरकून ऐकायला लागला. नळीच्या बिजागरीवर कानशीचे घाव कसे आहेत, म्हणजे ती दुसऱ्या बुडावर घासून बसवली. खाचा रुंद आहेत, म्हणजे स्क्रू मागाहून घातलेले. सागाचा दस्ता, खाली सुताराच्या पटाशीची चूक झाकायला लाख भरलेली. वायसर कातड्याचा होता, उंदराने खाल्ला. स्प्रिंग मधोमध तुटलेली, तुटल्या जागी जुना गंज. "साहेब, हा गंज पाहा. हा बारा वर्षांपूर्वीही होता. मी पाह्यला होता. मी मुद्दाम नवी स्प्रिंग नाही टाकली का कोणाले लागू नये. ही बंदूक नाही, साहेब. बंदुकीच्या आकाराचं लोखंड हाय. हिच्यानं फुगा नाही फुटत." एवढं चांगलं वर्णन त्याने कोणत्याही राजघराण्याच्या बंदुकीचं केलं नव्हतं. एकही विशेषण नव्हतं.

साहेबाने सगळं लिहून घेतलं. मग प्लॅस्टिकमधली चिठ्ठी पुढे केली. "हा शिक्का तुमचा?"

"माहाच."

"हे खरं की आता सांगितलंत ते?"

"हे खोटं हाय साहेब. मी खोटं लिवलं."

"का?"

शालीकरामने माझ्याकडे पाहिलं. त्याला शब्द हवा होता. मी इतकी वर्षं त्याला शब्द पुरवत आलो होतो. मला एकही सुचला नाही.

"त्याच्या बापाचा हात गेला होता," तो म्हणाला.

साहेबाने पेन खाली ठेवलं. "कटरेजी, बंदूक काय आहे ते तुम्ही किंवा मी ठरवू शकत नाही. ती तपासणीला जाईल, तिथले लोक सांगतील. तुमच्याकडे तसं सर्टिफिकेट नाही."

"मंग चिठ्ठी तरी कायले धरता जी? तीही मीच लिवली."

"चिठ्ठीवरून बंदूक काय आहे ते कळत नाही, हे कबूल. पण हा माणूस तिला काय समजत होता ते कळतं. सांबर मारणारी बंदूक आहे असं समजून त्याने ती जंगलाला लागून असलेल्या घरात लपवली. जमा करायला सांगितलं असताना." तो आवाज न चढवता बोलत होता. "तुम्ही खरं बोलत असाल, मला तसं वाटतंही. पण ते तुम्ही त्याला सांगायला हवं होतं."

बाहेर येऊन शालीकराम मोटारसायकलवर मागे बसला. मुर्रीत उतरल्यावर म्हणाला, "चांगला हाय साहेब."

पुनारामला महिन्याभराने जामीन मिळाला. गाइडचं काम अर्थातच गेलं. केस असलेल्या माणसाला गेटच्या आत सोडता येत नाही, आणि जंगलाच्या बाहेर त्याला येत असलेलं एकही काम नव्हतं. तो नागपूरकडे एका बांधकामावर चौकीदार म्हणून गेला.

शालीकरामने शिक्का चुलीत घातला. रबराचा धूर इतका झाला की रुक्मा दिवसभर खोकत होती. मग त्याने जे केलं तसं करताना मी कोणाला पाहिलेलं नाही. त्याने सायकल काढली आणि आजवर दिलेल्या चिठ्ठ्या परत मागायला निघाला. आमगाव, सालेकसा, अर्जुनीकडे, इटियाडोहच्या कालव्याकाठच्या गावांपर्यंत. कोणाला दिल्या होत्या ते त्याला पाठ होतं. बंदुकीवरून माणूस आठवायचा त्याला. दोन-चार सुट्ट्यांना मीही बरोबर गेलो.

लोक चिठ्ठ्या देईनात. आमगावच्या दुर्गाप्रसादचा मुलगा ओमेश तर भांडायलाच उठला.

"मामाजी, बाबा मरेपर्यंत सांगत होते, कटरेजीनं पाह्यली म्हणजे अस्सल. आता तुमी म्हणता भंगार? कोणी पैसे देल्ले काय तुमाले?"

"अरे बाबू, मीच खोटं बोललो होतो."

"तेव्हा नाही बोलले. आता बोलून राहिले," ओमेश म्हणाला, आणि आम्हाला चहा पाजून, पाया पडून परत पाठवलं.

इटियाडोहकडची भूमेश्वरी नावाची म्हातारी म्हणाली, चिठ्ठी देते, पण तिच्या बदल्यात दुसरी लिहून दे, त्या पहिलीत उंदरानं किंमत खाल्ली आहे. शालीकराम तिच्या ओट्यावर बसून हसला. मोठ्याने, पूर्वीसारखा. हसता हसता त्याने तोंड गुडघ्यांत घातलं आणि ते बराच वेळ वर काढलं नाही. म्हातारी मला म्हणाली, भूक लागली असंन याले.

पुढच्या दसऱ्याला स्टॉलवाले नेहमीसारखे आले. त्याने बंदुका दुरुस्त केल्या, नेम सगळ्यांचे नीट सरळ ठेवले. त्या मंडईत लोकांनी इतके फुगे फोडले की स्टॉलवाले तोट्यात गेले, आणि त्यानंतर ते बालाघाटच्या कारागिराकडे जायला लागले. जुन्या बंदुका घेऊनही कोणी यायचं थांबलं. क्वचित कोणी आलाच तर शालीकराम नळी मोडून बघायचा आणि सांगायचा, "लोखंड हाय." माणूस म्हणायचा, अजून एकदा पाहा ना जी. तो पाहायचा. "लोखंडच हाय."

माघात त्याच्या पोटात दुखायला लागलं, चैत्रात तो गेला. पित्ताशयाचं होतं. परत मिळालेल्या चिठ्ठ्या अकरा होत्या. त्या रुक्माने मला दिल्या, अक्षर तुमचं आहे म्हणून.

तपासणीचे अहवाल त्याच्यानंतर चार महिन्यांनी आले. चितळाच्या मानेवरचं छिद्र कुत्र्याच्या सुळ्याचं होतं. गावकुत्र्यांनीच ते मारलं होतं. बंदुकीत स्प्रिंग तुटलेली होती आणि ती गेली कित्येक वर्षं उडालेली नव्हती. पुनाराम सुटला. तोपर्यंत गेटवरच्या जागा भरलेल्या होत्या, आणि खुशबूचं लग्न होऊन ती लांजीकडे गेली होती. बंदूक घेऊन जा असा त्याला निरोप गेला. तो आला नाही. नष्ट करण्यापूर्वी तिचा पंचनामा झाला, त्यात वजन लिहिलं आहे: तीन किलो शंभर ग्रॅम.